उमेदवारी : हाताच्या विद्येचा पावणेदोनशे वर्षांचा हिशेब

‘उमेदवार’ म्हटले की आज निवडणूक आठवते. पण निवडणुका येण्याच्या कितीतरी आधी हा शब्द मराठीत रुळला होता. ‘उमेद’ म्हणजे आशा. फारसीतून आलेला शब्द. कचेरीत बिनपगारी नकला करीत, आज ना उद्या कारकुनाची जागा मिळेल या आशेवर बसलेला तरुण म्हणजे उमेदवार, आणि अशी काढलेली वर्षे म्हणजे उमेदवारी. पुढे कारखाने आले. तिथे काम शिकणाऱ्या पोराला काय म्हणायचे असा प्रश्न आला, तेव्हा मराठीने हाच शब्द पुढे केला. ‘अप्रेंटिस’ या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी फक्त ‘शिकणे’ आहे. मराठीने त्याचा ‘शिकाऊ उमेदवार’ केला. शिकणे आणि आशा धरणे, दोन्ही एकाच नावात आले.

वेल्डर, फिटर, टर्नर ही नावे आपण रोज वापरतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या फलकांवर त्यांची मराठी नावे संधाता, जोडारी आणि कातारी अशी आहेत. या धंद्यांतले कसब आपल्याकडे, विशेषतः मुंबई इलाख्यात, एका हातातून दुसऱ्या हातात कसे गेले, ते कोणाला मिळाले, कोणाला नाकारले गेले आणि शिकणाऱ्याला त्याच्या बदल्यात काय कबूल केले गेले, याचा हा धांडोळा आहे. उमेदवारीचे मोल तीन गोष्टींवर ठरत आले आहे, असे मला वाटते : शिकायला पुरेसा काळ, शिकवण्याची जबाबदारी अंगावर घेणारा जाणता माणूस आणि शेवटी उघडणारे दार. यातले एक जरी निखळले, तरी उरते ते स्वस्त मनुष्यबळ.

अनाथांसाठी केलेला कायदा

गावगाड्यात शिकण्यासाठी करारपत्राची गरज नव्हती. लोहाराच्या पोराने आधी भाता ओढायचा, मग सांडशी धरायची, अंगात जोर आला की घण मारायचा. लहान हातोडी सगळ्यांत शेवटी हातात यायची, कारण घणाचा घाव कुठे आणि किती जोराने पडायला हवा हे ती हातोडी दाखवते. हा अभ्यासक्रम कोणी लिहून ठेवला नव्हता, पण त्याचा क्रम पक्का होता. शिकवणारा बाप किंवा चुलता असे आणि शिकून झाल्यावर काम कुठे मिळेल ही चिंता नसे. गावचे बलुते ठरलेलेच असे. काळ, गुरू आणि दार या तिन्ही गोष्टी जातीने पुरवल्या होत्या. त्याच जातीने बाकीच्यांसाठी ते दार बंदही ठेवले होते.

युरोपात हीच व्यवस्था कारागिरांच्या संघांनी चालवली. इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने सात वर्षांची उमेदवारी बंधनकारक केली होती. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये तिच्यावर कडक टीका केली. बहुतेक धंदे शिकायला एवढा काळ लागत नाही, नव्या माणसांना बाहेर ठेवण्यासाठी हा काळ लांबवला आहे, असे त्याचे म्हणणे होते. १८१४ मध्ये ती सक्ती इंग्लंडने रद्दही केली.

आपल्याकडे उमेदवारीचा पहिला कायदा आला तो यानंतर, १८५० मध्ये. त्याचा उद्देश कारखानदारी वाढवणे हा नव्हता. अनाथ आणि धर्मादाय संस्थांच्या आश्रयाने वाढणाऱ्या गरीब मुलांना एखादा धंदा शिकता यावा, मोठेपणी पोट भरता यावे, यासाठी तो केला होता. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला पालक एखाद्या कारागिराकडे करारावर ठेवू शकत. मुदत जास्तीत जास्त सात वर्षांची, आणि वयाची एकवीस वर्षे पूर्ण झाली की ती संपायची. मालकाने शिकवायचे, मुलाने ऐकायचे. दोघांपैकी कोणी चुकले तर दाद दंडाधिकाऱ्याकडे. हा कायदा एकशे अकरा वर्षे पुस्तकात राहिला. दरम्यान खरी उमेदवारी भलतीकडेच, रेल्वेच्या कारखान्यांत सुरू झाली होती.

कानस, गुण्या आणि कातडीचा रंग

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, हे शाळेत सगळेच शिकतात. त्या गाडीची इंजिने विलायतेहून आली होती. इंजिन विलायतेहून आणता येते, पण ते नादुरुस्त झाल्यावर विलायतेला पाठवता येत नाही. म्हणून रुळांपाठोपाठ दुरुस्तीचे कारखाने आले : मुंबईत भायखळा आणि परळ, राजस्थानात अजमेर, बिहारमध्ये जमालपूर. जमालपूरचा कारखाना १८६२ चा. १८९५ मध्ये अजमेरला आणि १८९९ मध्ये जमालपूरला पूर्ण इंजिन बांधले गेले. पन्नास वर्षांच्या आत दुरुस्तीपासून निर्मितीपर्यंत पोचलेले हे कसब पुस्तकांतून आलेले नव्हते.

फिटरच्या उमेदवाराचे पहिले काम जगभर जवळपास सारखेच होते. लोखंडाचा एक ओबडधोबड ठोकळा द्यायचा. तो छिन्नी-हातोडीने छाटायचा, कानशीने घासून सपाट करायचा आणि गुण्या लावून काटकोनात आणायचा. सपाट झाला असे वाटले की निळा रंग लावलेल्या सपाट पाट्यावर तो फिरवायचा. रंग जिथे लागला ती जागा उंच, तिथे पुन्हा कानस. हे दिवसेंदिवस चाले. कंटाळवाणे वाटते, पण यातूनच कानस डगमगू न देता ढकलण्याची सवय मनगटाला लागते आणि सूत, अर्धे सूत हे अंतर बोटांना कळू लागते. उस्ताद दहा वेळा ठोकळा परत करी, आणि अकराव्या वेळी काही न बोलता पुढचे काम देई. तेच प्रमाणपत्र.

पण कारखान्याला दोन दरवाजे होते. फोरमनच्या जागेकडे नेणारी उमेदवारी प्रामुख्याने युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी होती. त्यांना विद्यावेतन जास्त, वसतिगृह वेगळे, संध्याकाळचे वर्ग वेगळे. हिंदी मुलगा कामगार म्हणून शिके आणि बहुधा कामगार म्हणूनच निवृत्त होई. तोही बहुतेक वेळा कारखान्यातल्याच कोणाचा मुलगा किंवा पुतण्या असे. हाताला कसब आले तरी हुद्द्याला रंग आड येई. १९२७ मध्ये जमालपूरला विशेष श्रेणीच्या उमेदवारांची योजना सुरू झाली आणि यांत्रिकी शाखेतल्या वरिष्ठ जागांचा रस्ता हिंदी तरुणांसाठी थोडा रुंद झाला. ही योजना अधिकारी घडवण्यासाठी होती, तरी त्या तरुणांनाही आधी कारखान्यात उभे राहून हत्यारे हाताळावी लागत.

मुंबईच्या गिरण्यांत रंगाऐवजी जात आड येत होती. तिथे भरती जॉबरच्या हातात असे. काम शिकायचे ते नात्यागोत्याच्या माणसाशेजारी उभे राहून. विणकाम खात्यात मजुरी चांगली, पण अस्पृश्य मानलेल्या कामगाराला तिथे प्रवेश नव्हता. धोट्यातली कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, हे त्याचे कारण सांगितले जाई. १९२८ च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला. वरवर तो साच्यावर उभे राहण्याच्या हक्काचा प्रश्न वाटतो. मुळात तो शिकण्याच्या हक्काचा होता. जिथे शिक्षण शेजारी उभे राहूनच मिळते, तिथे शेजारी उभे राहू न देणे म्हणजे धंदाच नाकारणे.

शाळा की कारखाना

हे दार शाळा उघडेल, अशी एकोणिसाव्या शतकातल्या पुढाऱ्यांची आशा होती. पुण्यात १८५४ मध्ये सरकारने सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम अधिकारी तयार करणारा वर्ग काढला. त्यातून पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. या संस्थांनी ड्रॉइंग, गणित आणि यंत्रशास्त्र शिकवले, आणि हे शिक्षण जातीवर अवलंबून नव्हते. मात्र ड्रॉइंग वाचणे आणि ओतीव लोखंड कुठे तडकेल हे ओळखणे यांत अंतर होते, ते कारखान्यातच भरून निघायचे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्यात या दोन्ही वाटा एकत्र आलेल्या दिसतात. ते जे. जे. कलाशाळेत शिकले, व्हिक्टोरिया ज्युबिलीत यांत्रिक ड्रॉइंग शिकवू लागले, बढतीत डावलले गेले तेव्हा नोकरी सोडून बेळगावला सायकलींच्या धंद्यात शिरले. पुढे लोखंडी नांगर केला. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. त्या माळावर तयार कारागीर कुठून मिळणार? जे मिळतील त्यांना घडवणे एवढाच मार्ग होता. तिथे कारखाना हीच शाळा होती. याच कारखान्याचे ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक १९२० मध्ये निघाले आणि त्यातून मराठीतले एक महत्त्वाचे मासिक घडले, हे मासिके वाचणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. पुढच्या काळात सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी या पट्ट्यात ओतशाळा, लेथची दुकाने, ऑइल इंजिनांची दुरुस्ती आणि वेल्डिंगचे धंदे वाढले. अशा दुकानांची वंशावळ पदव्यांतून सांगता येत नाही. कोण कोणाच्या हाताखाली शिकला, तीच त्यांची वंशावळ.

१९४२ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी अनुसूचित जातींच्या तक्रारींचे एक विस्तृत निवेदन व्हाइसरॉयांना सादर केले. शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्या यांच्याबरोबर त्यात तांत्रिक शिक्षणाची मागणी आहे, आणि ती करताना त्यांनी सरकारी छापखाने आणि रेल्वे कारखाने यांतल्या उमेदवारीकडे बोट दाखवले आहे. परदेशी विद्यापीठांत शिकलेल्या या माणसाला रेल्वे कारखान्यातल्या उमेदवाराच्या जागेचे मोल नेमके ठाऊक होते. वडिलोपार्जित धंद्याच्या बाहेर पडायचे तर दुसरा धंदा शिकवणारे कोणीतरी हवे. जात शिकवणार नसेल तर ते सरकारने केले पाहिजे.

युद्धाची घाई

ही मागणी झाली तेव्हा महायुद्ध चालू होते आणि कारागिरांची टंचाई होती. भारत सरकारने १९४० मध्येच युद्धासाठी तांत्रिक प्रशिक्षणाची योजना सुरू केली होती. जे काम शिकायला वर्षे लागतात असे मानले जाई, ते काही महिन्यांत शिकवायचे होते. १९४१ पासून ब्रिटनचे मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत हिंदी तरुणांच्या तुकड्या प्रशिक्षणासाठी विलायतेला गेल्या.

अमेरिकेत हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झाला. हेन्री कैसर यांच्यासारख्या उद्योजकांनी जहाजबांधणीत रिव्हेटिंगऐवजी वेल्डिंग वापरले, कामाचे लहान लहान तुकडे केले आणि शेतमजूर, दुकानदार, गृहिणी अशा हजारो नवख्यांना थोड्या अवधीत वेल्डर केले. १९४१ ते १९४५ या काळात २,७१० लिबर्टी जहाजे बांधली गेली. सात वर्षांच्या उमेदवारीबद्दल ॲडम स्मिथने घेतलेली शंका यातून बरीचशी खरी ठरली. मुदतीतला काही भाग शिक्षणाचा होता आणि काही भाग दारावरच्या पहाऱ्याचा. बायकांना वेल्डिंग जमणार नाही, ही समजूत तर या पहाऱ्याचाच भाग होती.

पण १६ जानेवारी १९४३ च्या रात्री पोर्टलँडच्या धक्क्याला उभे असलेले ‘शेनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात मधोमध मोडले. आधी वेल्डरांना दोष दिला गेला. पुढच्या संशोधनात, विशेषतः केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांच्या कामातून, त्या काळचे पोलाद थंडीत ठिसूळ होते हे मुख्य कारण पुढे आले. रिव्हेटच्या जहाजात तडा एका पत्र्याच्या कडेला थांबण्याची शक्यता असे. वेल्डिंगने एकसंध झालेल्या जहाजात तो पुढे पळत राही. त्याला आराखड्यातले काटकोनी कोपरे आणि सांध्यांतले दोष यांची साथ मिळाली. नवख्या वेल्डरांवर सगळे खापर फोडणे अन्यायाचे होते. तरी यातून एक गोष्ट उरते. एका प्रकारचा सांधा मारायला काही आठवडे पुरतात. पण हा धातू आज, या थंडीत, या जाडीला कसा वागेल हे ओळखायला त्याहून बराच काळ लागतो.

वेल्डिंगमध्ये हे जास्त खरे आहे, कारण त्याचा दोष पोटात राहतो. वरून मासळीच्या खवल्यांसारखी सुबक दिसणारी रेघ आत पोकळ असू शकते. पहिल्या थरावरचा स्लॅग ठोकून साफ केला नाही तर तो दुसऱ्या थराखाली गाडला जातो. दमट रॉड वापरला तर सांध्यात बुडबुडे राहतात. काही पोलादांत तर काम संपल्यावर, थंड झाल्यानंतर, आत तडा जातो. बिडाचा तुकडा आधी तापवून घेतला नाही आणि नंतर राखेत किंवा वाळूत हळूहळू निवू दिला नाही, तर सांध्याशेजारीच फुटतो. रॉड आणि पत्रा यांतले अंतर बरोबर असेल तर आर्कचा आवाज एकसारखा, तेलात काही तळल्यासारखा येतो; अंतर वाढले की तो फुटका होतो. मुरलेला वेल्डर पाठमोरा असतानाही हा फरक ऐकतो आणि पोराला म्हणतो, “लांब धरलास.” ही सूचना त्या क्षणी, त्या सांध्यावर मिळावी लागते. जाणत्या माणसाची गरज म्हणजे नेमके हेच. एक्स-रे किंवा अल्ट्रासॉनिक तपासणी चूक झाल्यावर सांगते; उस्ताद चूक होत असताना सांगतो.

कायद्यात काय राहिले

युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये पुनर्वसन आणि सेवायोजनेचे महासंचालनालय स्थापन झाले. सैन्यातून परतलेल्यांना आणि फाळणीनंतर निर्वासितांना धंदे शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले. त्याच पायावर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आणि आज सगळ्यांना माहीत असलेल्या आयटीआय उभ्या राहिल्या. १९५६ मध्ये त्यांचा कारभार राज्यांकडे गेला. प्रवेशाला जात किंवा नातेगोते लागत नाही अशी शाळा जिल्ह्याजिल्ह्यांत पोचली. या यशाला आपण पुरेसे श्रेय देत नाही.

मात्र शाळेतला वर्कशॉप आणि चालू कारखाना यांतले जुने अंतर राहिलेच. ते भरून काढण्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आला. १ मार्च १९६२ पासून तो अमलात आला आणि १८५० चा अनाथांचा कायदा रद्द झाला. आता ठरावीक उद्योगांना उमेदवार घेणे भाग पडले, विद्यावेतन ठरले, अखेरीस राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा आली. काही कारखान्यांनी हे मनापासून केले. सुमंत मूळगावकरांच्या नेतृत्वाखाली टेल्कोने पुण्यात उमेदवारांसाठी उभारलेल्या प्रशिक्षण विभागाचे नाव आजही पिंपरी-चिंचवडच्या जुन्या कामगारांच्या तोंडी असते.

पण याच कायद्यातली दोन कलमे नीट वाचायला हवीत. अठराव्या कलमानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. सुरक्षितता, आरोग्य आणि कल्याण यांच्या तरतुदी त्याला लागू होतात. एरवी कामगार कायदे नाहीत. बाविसाव्या कलमानुसार, करारात तशी अट नसेल तर मुदत संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, बाकी सगळे सारखे असेल तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट भरतीतल्या उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे, असे सांगितले. २०१४ च्या दुरुस्तीने मालकांसाठीची कैदेची शिक्षा काढून दंड ठेवला आणि भरतीचे धोरण प्रत्येक मालकावर सोपवले. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेण्यास सांगितले.

यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. प्रत्येक उमेदवाराला कायम करायचे म्हटले तर कोणी उमेदवारच घेणार नाही, हा युक्तिवाद खोटा नाही. पण ‘कामगार नाही’ आणि ‘नोकरीचे बंधन नाही’ ही दोन वाक्ये एकत्र आली की एक पळवाट तयार होते. शिकवण्याचा खर्च न करता उमेदवाराला उत्पादनाला जुंपायचे, वर्ष संपले की दुसरा घ्यायचा. कागदावर प्रशिक्षण पूर्ण झालेले असते. जोडनावातले ‘शिकाऊ’ कायद्याने ठेवले. ‘उमेद’ मात्र ज्याची त्याने सांभाळायची.

जर्मनीचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण अर्धेच. तिथेही मालकावर सरसकट नोकरीची सक्ती नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिकमध्ये गेओर्ग केर्शेनस्टायनर यांनी कामावरच्या मुलांसाठी ज्या शाळा आखल्या, त्यांच्यापासून १९६९ च्या व्यवसाय शिक्षण कायद्यापर्यंत तिथे एक रीत पक्की झाली. साधारण तीन-साडेतीन वर्षे, आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत आणि उरलेले कारखान्यात. अखेरची परीक्षा घेते व्यापार-उद्योगांची मंडळी, आणि ते प्रमाणपत्र दुसऱ्या कारखान्यातही मजुरीच्या बोलीत मोजले जाते. महत्त्वाचे म्हणजे शिकवणाऱ्यालाही शिकवण्याची पात्रता सिद्ध करावी लागते. एका मालकाने दार बंद केले तरी रस्ता संपत नाही.

आपल्याकडे हायवेलगतच्या वेल्डिंगच्या दुकानात आजही चौदा-पंधरा वर्षांचा ‘हेल्पर’ दिसतो. त्याचे नाव कोणत्याही नोंदवहीत नाही. रात्री आर्कने डोळे लागतात तेव्हा तो बटाट्याचे काप डोळ्यांवर ठेवून पडतो. पण मिस्त्री त्याला खरोखर शिकवतो, आणि चार-पाच वर्षांत तो स्वतःचे दुकान टाकण्याची आशा धरू शकतो. दुसरीकडे मोठ्या कारखान्यातल्या उमेदवाराला हेल्मेट आहे, बूट आहेत, विद्यावेतन बँकेत जमा होते. पण त्याला नावाने ओळखणारा आणि त्याचा ठोकळा दहा वेळा परत करणारा माणूस असेलच असे नाही. एकाला कायद्याचे संरक्षण नाही, दुसऱ्याला गुरू नाही.

१८५० च्या कायद्यात खूप काही जुनाट होते. पण मालकाने त्या अनाथ मुलाला धंदा शिकवायचा आहे, आणि न शिकवल्यास त्याला जाब विचारता येतो, ही गोष्ट त्याने गृहीत धरली होती. आज कोणत्या कारखान्याने किती उमेदवार घेतले हे आपण मोजतो. त्यांतले किती जण तीन वर्षांनी त्याच धंद्यात, त्या कसबाला साजेशा मजुरीवर उभे आहेत, हेही मोजून दरवर्षी कारखान्याच्या नावासह जाहीर करायला हवे. शिकवणाऱ्या मिस्त्रीला त्या कामाचा वेगळा मोबदला मिळायला हवा. एवढे झाले तरी मराठीने पूर्वी मोठ्या विश्वासाने जोडलेल्या त्या दोन शब्दांतले अंतर पुष्कळ कमी होईल.